रक्त परत येताना

“बर्फात काही मरत नाही, सीमंतिनी. मरतं ते ऊब परत आल्यावर. तू काम संपलं म्हणून घरी जाशील आणि खरी गोष्ट त्यानंतर घडेल,” असं अंबरीश सर म्हणाले होते आणि तिनं ते कानाआड केलं होतं. तेव्हा ती एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती, जीवरसायनशास्त्राला, आणि प्रयोगशाळेच्या खिडकीखाली, पुढे तिचा नवरा झालेला हेमेंद्र मोटरसायकलला टेकून उभा असायचा. उंदराच्या यकृताच्या पातळ चकत्या थंडगार द्रावणात ठेवायच्या आणि पेशींमधून एन्झाइम कधी गळायला लागतं ते बघायचं, एवढंच तिचं काम. चकत्या थंडीत छान राहिल्या. तिनं निष्कर्ष लिहून टाकला की ऊती सुरक्षित आहे. सरांनी तो वाचून चष्मा कपाळावर चढवला आणि ते वाक्य उच्चारलं, आणि तिला वाटलं, सर म्हातारे होत चाललेत, चांगल्या झालेल्या गोष्टीतही एक भीती घालून ठेवतात. आज ग्वाल्हेरच्या टोपी बाजारात, गठ्ठ्यानं टोप्या विकणाऱ्या दुकानाच्या पायरीशी, ते वाक्य तिला पुन्हा ऐकू आलं. घडलं तसं काहीच नव्हतं. तिच्या सासूबाई, सुमनताई, आपण शिकवतो त्या शाळेच्या हॉकीच्या मुलींसाठी पांढऱ्या टोप्या निवडत होत्या, छोटी उन्नती दोघींच्या मध्ये उभी होती, एक ई-रिक्शा हॉर्न न देता मागे सरकली आणि सुमनताईंनी एका हातानं नातीला उचलून कमरेवर घेतलं. जुन्या गोलकीपरची सवय, डोळ्यांच्या आधी हात. रिक्शा निघून गेली. पण त्या क्षणात सुमनताईंचा चेहरा रिकामा झाला, दिवे गेल्यावर खोली होते तसा, आणि दुसरा हात शालीखाली जाऊन पोटावर दाबला गेला. मग दिवे आले. “भैया, इसकी सिलाई तो देखो,” त्या दुकानदाराला म्हणाल्या, “एक मैच में उधड़ जाएगी.”

“आई, काय झालं?”

“काय व्हायचंय? तुझी लेक जड झालीय. तूप कमी घाल जरा.”

दुकानदार हसला, उन्नती हसली. सीमंतिनीला हसता आलं नाही. तिची नजर त्या शालीच्या घडीवर अडकून राहिली. ती बघणारी बाई होती. घरात सगळे तिला त्यावरून चिडवायचे, हेमेंद्र तर म्हणायचा की हिला झोपेतसुद्धा एक डोळा उघडा लागतो. पण उन्नती जगली ती त्या बघण्यामुळेच. जन्मल्यावर तिचे डोळे काविळीसारखे पिवळे होते तेव्हा दर्पण कॉलनीतल्या सगळ्या बायका म्हणाल्या होत्या, “पीलिया है, धूप दिखाओ, सबको होता है.” सीमंतिनीनं बाळाचा लंगोट उघडून बघितला होता आणि शीचा रंग खडूसारखा पांढरा होता. पित्त खाली उतरत नव्हतं. ती तसाच लंगोट पिशवीत घालून कंपूतल्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांकडे घेऊन गेली होती, रांगेतले लोक नाक मुरडत होते, आणि डॉक्टरांनी पिशवीत एकदा डोकावून तिच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती नजर तिनं आजवर जपून ठेवली होती. यकृतातून बाहेर पडणाऱ्या पित्ताच्या नळ्याच धड तयार झालेल्या नव्हत्या. दिल्लीत पहिलं ऑपरेशन झालं, त्यानं काही महिने निभावले, मग पोट ढोलासारखं फुगायला लागलं आणि मोठे डॉक्टर म्हणाले, आता नवीन यकृत, घरातल्या कुणाच्या तरी यकृताचा तुकडा. तिनं लगेच बाही वर केली होती. तिचा रक्तगट बी, हेमेंद्रचा ए, आणि लेकीचा ओ. जिला तिनं आपल्या रक्तावर वाढवलं तिला तिचं रक्त चालत नव्हतं. अभ्यासक्रमात हे सगळं होतं, तिला ते पाठ होतं, आणि तरी त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात बसून ती आपल्या हाताच्या शिरांकडे परक्यासारखी बघत राहिली होती. सुमनताई वर आल्या, तिच्याशेजारी पायरीवर बसल्या, तिळाच्या गजकचा तुकडा तिच्या तोंडात कोंबला आणि म्हणाल्या, “माझा ओ आहे. खेळायचो तेव्हा किटवर लिहून ठेवायला लावायचे.” सासरे कान्होजी खालच्या पायरीवर उभे होते. पोलिसातून निवृत्त झालेला माणूस, कमी बोलणारा. ते एवढंच म्हणाले, “वय बघितलंस का तुझं?” “पन्नाशी गाठली नाही अजून,” सुमनताई म्हणाल्या. “आणि गोलमध्ये उभी कोण राहते या घरात? तुम्ही?”

तो विषय तिथंच संपला. सीमंतिनीच्या माहेरी असा विषय महिनाभर चालला असता. तिचे वडील माधवराव, दरबारातल्या कारकुनांच्या घराण्यातले, त्यांच्याकडे साधी सर्दीसुद्धा सगळे मिळून चघळायचे, कुणाला कुठे कसं दुखतंय हे चहाबरोबर रोज निघायचं, आणि न दुखणाऱ्यालाही दोन शब्द बोलावे लागायचे. सासर शिलेदारांचं. इथं दुखतं असं म्हणायची पद्धत नव्हती, आणि त्याहून मोठी एक पद्धत होती जी तिला लग्नानंतर फार उशिरा कळली. दिलेल्या वस्तूचं पुन्हा नाव घ्यायचं नाही. कान्होजी कधी रंगात आले तर आपल्या खापरपणजोबांची गोष्ट सांगायचे. त्यांनी आपली लाडकी घोडी एका अडलेल्या माणसाला देऊन टाकली, आणि नंतर ती घोडी रस्त्यात दिसली, यांना ओळखून खिंकाळली, तर ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. ती पुढे जाईपर्यंत. कारण हाक मारली असती तर ती अर्धी परत घेतल्यासारखी झाली असती. सीमंतिनीनं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिला घोडीची दया आली होती. आता शालीच्या घडीकडे बघताना तिला वाटलं, त्या खापरपणजोबांना घोडीवाचून पायी चालताना गुडघे दुखत होते का, हे कुणी विचारलं असेल का.

टोप्यांचा गठ्ठा घेऊन तिघी बाड्याच्या चौकाकडे चालू लागल्या. सुमनताई पुढे, उन्नतीचं बोट धरून, तीच ताठ चाल, आणि मागून चालताना सीमंतिनी दिल्लीच्या त्या प्रतीक्षागृहात जाऊन बसली. तिथं तिला नेहमीच जाता यायचं. लोखंडी खुर्च्या, समोर मासे नसलेली काचेची टाकी, हेमेंद्र फोनच्या चार्जरची वायर बोटाला गुंडाळतोय, माधवराव मुद्दाम ग्वाल्हेरहून आलेले, पुटपुटत स्तोत्र म्हणताहेत. आत दोन खोल्यांत दोघी. एकीच्या यकृताचा डावा तुकडा कापून निघाला असेल, थंड द्रावणानं धुतला असेल, रक्त निघून गेल्यामुळे राखाडी फिका पडला असेल. त्या सगळ्यांत तिलाच ठाऊक होतं की आत्ता त्या तुकड्यात काय चाललंय. ऑक्सिजन संपला. पेशींच्या इंधनाचा साठा उतरत चाललाय. सोडियम बाहेर फेकणारे पंप थकलेत, ते आत झिरपतंय, मागून पाणी, पेशी हळूहळू फुगताहेत. आणि तंतुकणिकांमध्ये, जिथं श्वासाचं काम चालतं तिथं, सक्सिनेट नावाचं रसायन साठत चाललंय, न जळलेल्या सरपणासारखं, थरावर थर. पण सगळं शांत. थंडीत सगळं शांतच असतं. मग एक डॉक्टर बाहेर आले, मास्क हनुवटीवर, म्हणाले, “लिवर लग गया है. खून चालू कर दिया. पिंक हो गया.” प्रतीक्षागृह सुटल्यासारखं झालं. माधवरावांनी डोळे पुसले, हेमेंद्रनं वायर सोडली, कान्होजी उठून पाणी प्यायले. आणि सीमंतिनीला तेव्हा, त्या क्षणी, खरी धडकी भरली. कारण आता ऊब परत आली होती. आता त्या साठलेल्या सक्सिनेटवर एकदम ऑक्सिजन येऊन पडला असणार आणि ते भडकलं असणार, इलेक्ट्रॉन उलट्या वाटेनं धावत सुटले असणार आणि त्यातून ते पिसाट रेणू उसळले असणार जे समोर येईल त्याचे लचके तोडतात, पेशीच्या पडद्यातल्या स्निग्धाचे, प्रथिनांचे, कशाचेही. तंतुकणिकांना भोकं पडत असणार. रक्तवाटांचं नाजूक अस्तर गोळा होऊन सुटत असणार. यकृताच्या राखणदार पेशी दचकून उठल्या असणार आणि त्यांनी आरोळी ठोकली असणार, आणि त्या आरोळीला रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून आल्या असणार, ज्यांना आपलं कोण नि परकं कोण हे घाईत कळत नाही. तुकडा गुलाबी झाला म्हणजे वणवा लागला. पेढे मागवायची वेळ ती नव्हती. किती जळतं आणि किती उरतं हे पुढच्या काही दिवसांत एन्झाइमच्या आकड्यांत दिसणार होतं. तिनं अंबरीश सरांना मनातल्या मनात पहिल्यांदा नमस्कार केला.

आणि ते आकडे चढले. चढणारच होते. हेमेंद्र रिपोर्ट बघून पांढराफटक पडला तेव्हा तिनं त्याला अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर सगळं समजावून सांगितलं होतं, हे कुठून आलं, कुठपर्यंत जाईल, कधी उतरायला लागेल. तिचा आवाज कापत नव्हता. शिफ्ट बदलणाऱ्या दोन नर्स थांबून ऐकत राहिल्या आणि त्यातली एक म्हणाली, “मॅडम, आप डॉक्टर हो?” “नहीं,” ती म्हणाली होती, “मैं इसकी माँ हूँ.” मग आकडे उतरले, जसे उतरायला हवेत तसे, आणि बरगड्यांखाली शिवलेला तो हाताएवढा तुकडा वाढायला लागला. यकृताइतका दिलदार अवयव दुसरा नाही. सुमनताईंच्या पोटातही उरलेलं वाढून पुन्हा भरत आलं असणार, असं तिनं तेव्हाच गृहीत धरलं होतं, आणि त्यानंतर, हे तिला आत्ता बाड्याच्या गर्दीत सुचलं, त्यानंतर तिनं तिकडे पाहिलंच नव्हतं. तिच्या उघड्या डोळ्याची दिशा एकच होती. औषधाची वेळ, ताप, डोळ्यांचा पांढरेपणा, शेजारच्या घरात कुणाला खोकला आहे का. ती शास्त्र शिकली होती आणि ते सगळं शास्त्र त्या तुकड्याचं होतं, तो थंडीत कसा टिकतो, रक्त परत आल्यावर कसा होरपळतो. तो जिथून काढला त्या पोटाची राखण शास्त्रानंही कुणाकडे सोपवलेली दिसत नव्हती. पेशीत घडतं तेच माणसात घडतं असलं गोड बोलणं तिला आवडायचं नाही. पेशीला मुलाबाळांचा लोभ नसतो, घराण्याचा मान नसतो. तरी पायाखालचा फरशीचा दगड हलल्यासारखं तिला झालं. दोन वर्षांहून जास्त काळ कॉलनीतली, शाळेतली, माहेरची सगळी माणसं विचारत आली, उन्नती कशी आहे. सुमनताई सांगायच्या, मस्त आहे. हळदीकुंकवाला एकदा कुणीतरी म्हणालं, “सुमनताई, केवढं मोठं दान केलंत,” तर त्या तिळगूळ तिथंच ठेवून चपला घालायला लागल्या होत्या. त्या दिवशी सीमंतिनीला त्यांचा इतका अभिमान वाटला होता की घरी येईपर्यंत ती एक शब्द बोलली नव्हती. अभिमानात बोलणं राहून जातं, हेही तिला आत्ताच कळत होतं.

घरी आल्यावर टोप्या दिवाणावर पसरल्या गेल्या. उन्नतीनं एक डोक्यावर घातली, ती नाकापर्यंत उतरली. कान्होजी खिडकीशी पेपर वाचत होते. ऊन कलंडलं होतं. सीमंतिनीनं चहा आणून ठेवला आणि ती उभीच राहिली. माहेरी हे वाक्य कुणीही दात घासता घासता बोललं असतं, आणि इथं तिला त्यासाठी दरवाजाच्या चौकटीचा आधार घ्यावा लागला.

“आई, तुमच्या ऑपरेशनच्या जागी दुखतंय का?”

पेपर खाली आला. कान्होजींनी तिच्याकडे बघितलं, रागानं नव्हे, जरा बावरून, कुणी पाहुण्यांसमोर घरातलं काही बोलावं तसं. “सूनबाई,” ते म्हणाले, “आपल्यात ते...”

“माहीत आहे, बाबा. घोडीची गोष्ट माहीत आहे मला. मी घोडीबद्दल विचारत नाहीये.”

“विचारू दे हो तिला,” सुमनताई म्हणाल्या. “कारकुनांच्या घरातली आहे. विचारल्याशिवाय जेवण नाही जात त्यांना.” पण त्या हसत नव्हत्या. त्या उठून आतल्या खोलीत गेल्या आणि दार उघडं ठेवलं. सीमंतिनी मागे गेली. पलंगावर आडव्या होऊन त्यांनी कुर्ता वर केला. छातीच्या हाडाखालून बेंबीकडे उतरणारी ती रेघ तिनं इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच नीट पाहिली. फिकी, चमकदार, सरळ. शिवणारा हात चांगला होता.

“खोका,” ती म्हणाली.

“काय?”

“खोकून दाखवा.”

सुमनताई खोकल्या आणि रेघेच्या मधोमध, त्वचेखाली, अर्ध्या लिंबाएवढं काहीतरी वर आलं आणि तिच्या तळव्याला टेकलं. मऊ, उबदार, जिवंत. आतड्याचा वेढा. खालचे स्नायू तिथं फाकले होते. हर्निया. खोकला थांबला तसं ते आत गेलं, आणि सीमंतिनीनं हात तसाच ठेवला, जणू काढला तर ते पुन्हा येईल.

“कधीपासून?”

“नवरात्राच्या आधीपासून असेल. लोखंडी गोलपोस्ट हलवत होतो पोरींबरोबर.”

“आणि तुम्ही बोलला नाहीत.”

“बोलून काय, तू मैदान बंद केलं असतंस माझं. पोरी पहिल्यांदा आख्ख्या संभागाच्या, पाचही जिल्ह्यांच्या फायनलला आल्यात. गोलमधल्या अपर्णाला तर अजून डाव्या पायानं चेंडू अडवता येत नाही, कोण शिकवणार तिला?” मग आवाज खाली आला. “आणि दुसरं एक. उन्नती मोठी होईल. कुणीतरी हिला सांगेलच, तुझ्यामुळे आजीच्या पोटाचं असं झालं. लोकांना राहवत नाही. मला ते हिच्या कानावर जायला नको होतं. माझ्या पोटात काय होतंय ते हिच्या खात्यावर कशाला?”

“आणि हे आतडं त्यात अडकलं तर? रक्त तुटलं तर? मैदानात, पोरींसमोर, काही तासांत...” तिला पुढचं सगळं दिसत होतं, पायरीपायरीनं, रेणूरेणूनं, आणि शिकलेलं न शिकलेलं करता येत नाही. “आई, मला हे सगळं पाठ आहे हो. तुम्ही मला आणखी एकदा त्या खुर्चीवर बसवू नका.”

सुमनताईंनी आपला हात तिच्या हातावर ठेवला, पोटावरच. “रडू नको. मैं कहीं नहीं जा रही.” दारात कान्होजी उभे होते. ते कधी आले ते कळलं नव्हतं. ताठ, हात मागे बांधून, जसे ते झेंडावंदनाला उभे राहायचे. “सकाळी कंपूला जाऊ,” ते म्हणाले. “मी गाडी काढतो.” आणि मग, जरा थांबून, लग्नाला तीन दशकं होत आलेल्या बायकोला त्यांनी बहुधा पहिल्यांदाच विचारलं, “फार दुखतं का गं?” सुमनताईंनी तोंड भिंतीकडे वळवलं. खांदे हलत होते. हसत होत्या की काय ते सीमंतिनीला सांगता आलं नसतं.

कंपूच्या सर्जननं तपासून सांगितलं की ऑपरेशन करायलाच हवं, जाळी बसवावी लागेल, अवघड काही नाही पण टाळायचं नाही. तोपर्यंत पोटाला पट्टा, वजन उचलणं बंद, उड्या बंद. सुमनताई शाळेतल्या मुलीसारख्या मान डोलावत होत्या. तारीख फायनलनंतरची मिळाली. “बघ, देवही हॉकी बघतो,” त्या गाडीत म्हणाल्या आणि कान्होजी चक्क हसले. घरी आल्यावर सीमंतिनीनं पट्टा बांधून दाखवला, कुठे घट्ट, कुठे सैल, आणि बांधताना त्या रुंद, गव्हाळ, एका जागी फाकलेल्या पोटाकडे बघून तिच्या छातीत असं काही भरून आलं ज्याला भीती म्हणता येणार नव्हतं. या पोटातून हेमेंद्र आला. याच पोटातून तिची लेक दुसऱ्यांदा आली. दरबार, शिलेदारी, कारकुनी, माहेरसासरच्या सगळ्या जुन्या बढाया त्या एका रेघेपुढे फिक्या होत्या, आणि ही बाई तिच्या घरात राहात होती, तिच्या हातचा चहा पीत होती, तिला तूप कमी घाल म्हणत होती. माधवरावांना तिनं फोनवर सगळं सांगितलं तेव्हा ते नेहमीसारखे प्रश्नावर प्रश्न विचारत बसले नाहीत. म्हणाले, “त्यांना माझा नमस्कार सांग. नाही, राहू दे, मी स्वतः येतो.”

आता सराव चालू आहे. सीमंतिनीला मैदानावर जाता येत नाही. उन्नतीला नाक वाहतंय, तिच्या औषधांमुळे साधी सर्दीही छातीत उतरू शकते, आणि थंडीच्या धुळीत, गर्दीत तिला नेता येत नाही. हेमेंद्र कामावर असतो. कान्होजी जातात, पण ते बायकोला टोकणार नाहीत, त्यांनी एकदा विचारलं हेच त्यांच्यासाठी पुष्कळ झालं. सुमनताई घरी येऊन सांगतात, काही उचललं नाही, शिटी फुंकून बसून होते. असेलही. पण अपर्णाला डाव्या पायानं अजून जमत नाहीये आणि सुमनताईंना बसून शिकवता येत नाही हे सीमंतिनीला पक्कं माहीत आहे. म्हणून तिचं तुम्हाला, हे वाचणाऱ्याला, एक सांगणं आहे. तुम्ही ग्वाल्हेरात असाल आणि सकाळी मुलींच्या हॉकीच्या मैदानावरून जात असाल तर दोन मिनिटं थांबा. गोलपोस्टपाशी मोठ्या आवाजाची, निळ्या ट्रॅकसूटमधली एक बाई दिसेल. तिला नातीबद्दल विचारू नका, ते सगळे विचारतात आणि ती मस्त आहे. तिला तिचं विचारा. पट्टा बांधलाय का, आज काही उचललं का, सरळ तोंडावर विचारा, ओळख नसली तरी चालेल. ती म्हणेल, आप कौन? सांगा, सीमंतिनीनं पाठवलंय. ती रागावेल, तुम्हाला चार शब्द सुनावेल, मुलींना हसायला लावेल. ऐकून घ्या, पण उत्तर मिळाल्याशिवाय तिथून हलू नका.